उत्तर बरोबर, रीत चुकीची! धातूंमधील इलेक्ट्रॉनचे कोडे २७ वर्षांनी कसे सुटले?

जो धातू विजेचा उत्तम वाहक, तोच उष्णतेचाही उत्तम वाहक. तांबे आणि चांदी ही त्याची ठळक उदाहरणे. यामागचे कारण सांगणारी दोन मॉडेल्स इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला अनेक जण पाठ करतात. पहिले मॉडेल चुकीचे असूनही बरोबर उत्तर देत होते. ते कसे?

ड्रूड यांचे मॉडेल काय होते?

इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ मध्ये लागला. १९०० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पॉल ड्रूड यांनी कल्पना मांडली, की धातूतील मोकळे इलेक्ट्रॉन डब्यात भरलेल्या वायूच्या कणांसारखे असतात. ते सैरावैरा धावतात, अणूंवर आदळतात आणि विजेचा दाब दिला की एका दिशेने सरकतात. एवढ्यावरून ओहमचा नियम निघाला. उष्णतावहन आणि वीजवहन यांचे गुणोत्तर एका तापमानाला बहुतेक धातूंमध्ये जवळपास सारखेच का, या १८५३ पासूनच्या कोड्याचेही उत्तर मिळाले.

मग अडले कुठे?

उष्णतेच्या हिशेबात. ६३.५ ग्रॅम, म्हणजे एक मोल तांब्याचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे २४.५ ज्यूल ऊर्जा लागते. इलेक्ट्रॉन खरोखर वायूसारखे वागत असतील, तर त्यांच्या वाट्याचे १२.५ ज्यूल धरून हा आकडा ३७ च्या पुढे जायला हवा. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनचा वाटा जेमतेम ०.२ ज्यूल आहे. वीज वाहणारे इलेक्ट्रॉन उष्णता मात्र जवळपास घेतच नव्हते!

सोमरफेल्ड यांनी काय बदलले?

१९२५ मध्ये वोल्फगांग पाउली यांनी नियम मांडला, की दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. म्युनिकचे प्राध्यापक आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी १९२७ मध्ये तो धातूंना लावला. वायूची कल्पना त्यांनी ठेवली, फक्त कणांचे नियम क्वांटम केले.

खच्चून भरलेले नाट्यगृह डोळ्यांसमोर आणा. पहिल्या रांगेपासून सगळ्या खुर्च्या भरल्या आहेत. मधल्या प्रेक्षकाला उठून एक-दोन रांगा मागे जायचे असेल, तर तिथे जागाच नाही. मागे रिकाम्या खुर्च्या आहेत, पण तिथवर फक्त शेवटच्या भरलेल्या रांगांतले लोक पोहोचू शकतात. इलेक्ट्रॉनचेही तसेच. तांब्यात ही ‘शेवटची रांग’, म्हणजे फर्मी ऊर्जा, सुमारे ७ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे. तापमानाच्या भाषेत सुमारे ८० हजार केल्विन. खोलीचे तापमान ३०० केल्विन. त्यामुळे शंभरात एखादाच इलेक्ट्रॉन उष्णता घेऊ शकतो.

जुने उत्तर बरोबर कसे आले?

ड्रूड यांच्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनची उष्णता साधारण शंभरपट जास्त धरली गेली होती. त्यांचा वेग मात्र फारच कमी धरला होता. सेकंदाला सुमारे १२० किलोमीटर, तर तांब्यातील खरा वेग सुमारे १,५७० किलोमीटर आहे. सूत्रात वेगाचा वर्ग येतो, तिथे शंभरपटीहून अधिक घट झाली. दोन चुकांनी एकमेकींना खोडले! शिवाय ड्रूड यांच्या मूळ आकडेमोडीत दुपटीची एक चूक होती. तिने उत्तर प्रयोगाशी आणखीच जुळले.

सगळे प्रश्न सुटले का?

नाही. हिऱ्यातून वीज का वाहत नाही, किंवा जस्तासारख्या धातूत वीज वाहणारे कण धनभारित असल्यासारखे का वागतात, हे सोमरफेल्ड यांचे मॉडेलही सांगू शकत नाही. त्यासाठी अणूंच्या रचनेचा विचार करावा लागला. फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये त्याची सुरुवात केली. त्यातूनच पुढे सेमीकंडक्टरचे शास्त्र उभे राहिले, ज्यावर तुमच्या हातातला मोबाइल चालतो.

ड्रूड यांचे मॉडेल आजही शिकवतात, कारण तारेच्या रोधाचा ढोबळ अंदाज त्यातून पटकन येतो. पण एक आकडा जुळला म्हणून सिद्धांत खरा ठरत नाही. तो दुसऱ्या मोजमापावरही घासून पाहावा लागतो. इथे ती कसोटी उष्णतेने लावली.