न बोलता तुटणारा पट्टा

टायमिंग म्हणजे काय, हे भिवंडीत कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात पाऊल ठेवलं की कान बधिर होतात, पण त्या खडखडाटातही एखादा मुरलेला जॉबर मागांच्या रांगेतून चालता चालता मध्येच थांबतो आणि चार नंबरच्या मागाकडे बोट दाखवतो. तिथला धोटा उशिरा निघतोय, हे त्याला ऐकूनच कळलेलं असतं.

साध्या यंत्रमागाला मुख्य दांडे दोन. वरच्या क्रँकचा एक फेरा झाला की फणीचा एक ठोका पडतो, म्हणजे बाण्याचा एक धागा कापडात बसतो. खालचा दांडा दातेरी चाकांनी क्रँकला जोडलेला असतो आणि बरोबर निम्म्या गतीनं फिरतो. ताणा उघडायचा आणि धोटा एकदा इकडून, एकदा तिकडून मारायचा, ही त्याची कामं. धोटा पलीकडच्या पेटीत पोहोचण्याआधी ताणा मिटला, तर तो मध्येच अडकतो आणि धाग्यांचा पुंजकाच्या पुंजका तुटतो. हे होऊ नये म्हणून मागाला एक तजवीज असते. धोटा वेळेत पेटीत आला नाही, तर फणी शेवटपर्यंत जायच्या आत माग धाडकन थांबतो. नुकसान होतं ते धक्क्यापुरतं.

आता गाडीचं बॉनेट उघडा. चार स्ट्रोकच्या इंजिनातही दोनच दांडे महत्त्वाचे, आणि प्रमाण तेच: क्रँकचे दोन फेरे, कॅमशाफ्टचा एक. क्रँक पिस्टन वरखाली करतो आणि कॅम व्हॉल्व्ह उघडतो, मिटतो. बहुतेक आधुनिक इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन सिलिंडरमधली एकच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या क्षणी. या दोघांची गाठ पडू न देण्याचं काम अनेक गाड्यांत एका दातेरी रबरी पट्ट्याकडे असतं. तोच टायमिंग बेल्ट. तो तुटला की कॅम जागीच थांबतो, पण क्रँक गाडीच्या वेगासरशी आणखी काही फेरे घेतो आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला भोक पडतं. मागासारखी थांबवणारी तजवीज इथे नाही. काही जुन्या इंजिनांत दोघांत पुरेशी फट असते, तिथे गाडी नुसती बंद पडते. आपलं इंजिन त्यातलं आहे असं गृहीत धरण्यात मात्र शहाणपण नाही.

या पट्ट्याचं माहेर मोटारीच्या कारखान्यात नाही, कापडाच्याच दुनियेत आहे. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या गिल्मर कंपनीत रिचर्ड केस यांनी दातेरी पट्टा तयार केला तो सिंगरच्या शिलाई मशीनसाठी. सुई वर आणि बॉबिन खाली, या दोघांची वेळ जुळवायची होती. साधा पट्टा घसरतो, साखळीला तेल लागतं आणि ते तेल कापडावर उडतं. दात असलेला रबरी पट्टा घसरतही नाही आणि डागही पाडत नाही. मोटारीत तो आला 1950 च्या दशकातल्या शर्यतीच्या एका गाडीतून. मोठ्या संख्येनं विकल्या गेलेल्या गाडीत तो पहिल्यांदा बसला 1962 मध्ये, जर्मनीच्या ग्लास 1004 या छोट्या गाडीत. 1966 मध्ये फियाटच्या दोन कॅमच्या इंजिनावर ऑरेलियो लाम्प्रेदी यांनी तो वापरला आणि पुढे युरोप-जपानच्या छोट्या गाड्यांचा तो शिरस्ताच झाला. स्वस्त, हलका आणि आवाज न करणारा. या शेवटच्या गुणातच पुढचा सगळा घोटाळा आहे.

भिवंडीतल्या कुठल्या गाड्यांत तो असतो? मानकोली, पूर्णा, काल्हेर, दापोड्याच्या गोदामांपुढे उभे राहणारे मोठे ट्रक यातून वगळा. त्यांच्या इंजिनांत टायमिंग सहसा गिअरचं असतं, मागासारखंच लोखंडाला लोखंड. त्यामुळे उभं आयुष्य ट्रकवर काढलेल्या ड्रायव्हरला टायमिंग बेल्ट ही भानगड माहीत नसते आणि निवृत्तीनंतर घेतलेल्या जुन्या कारमध्ये तो नेमका तिथेच फसतो. छोट्या गाड्यांची गोष्ट वेगळी. 1983 ची मारुती 800, तिच्या पाठोपाठ ओम्नी, झेन, एस्टीम आणि 2000 ची अल्टो, सगळ्या बेल्टवाल्या. सँट्रोही. टाटांची इंडिका डिझेलही. 2005 साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, इंडिकाच्याच 1405 सीसी डिझेल इंजिनाचं निम्मं इंजिन घेऊन आला, दोन सिलिंडर आणि 702 सीसी. पट्टा त्यातही आहे. सुताचे बीम आणि कापडाचे तागे गल्लीबोळांतून वाहून नेणाऱ्या या गाडीचा एक दिवस बुडला तर मालकाच्या हिशेबात तो लगेच दिसतो. पुढे जुनी डिझेल इनोव्हा, लोगन आणि डस्टर डिझेल, पोलो डिझेल याही पट्टेवाल्याच. स्विफ्ट डिझेलचं 1.3 लिटरचं इंजिन, मारुतीची के-सिरीज आणि इनोव्हा क्रिस्टा मात्र साखळीवर चालतात. साखळी अमर असते असं नाही, तेल वेळेवर न बदललं तर ती लांबते. पण लांबली की सकाळी गाडी सुरू करताना खळखळ करते. निदान सांगते तरी.

बेल्ट सांगत नाही. चूंचूं करणारा पट्टा असतो तो बाहेरचा, अल्टरनेटर किंवा एसीचा, ज्याला सरसकट फॅन बेल्ट म्हणतात. तो ओरडला म्हणून बदलून घेतला आणि ‘बेल्टचं काम झालं’ म्हणून निश्चिंत झाले, असे गाडीमालक पैशाला पासरी मिळतील. टायमिंग बेल्ट प्लास्टिकच्या झाकणाआड असतो. आत काचतंतूंच्या दोऱ्या, त्यांवर रबर, दातांवर नायलॉनचं कापड. पूर्वीच्या निओप्रीन रबराला म्हातारपणी भेगा पडत, त्या बोट फिरवून समजत. हल्लीचं रबर जास्त उष्णता सोसतं आणि वरून शेवटपर्यंत चांगलं दिसतं, पण आतल्या दोऱ्या आणि दातांची मुळं थकत जातात. त्यामुळे झाकणाची फट वाकवून, टॉर्च मारून ‘अजून वर्षभर चालेल’ असं सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही.

मग बदलायचा कधी? प्रत्येक गाडीच्या मालक-पुस्तिकेत आकडा दिलेला असतो आणि तोच पहिला मानायचा. ढोबळ मानानं बहुतेक गाड्यांसाठी तो 60,000 ते 1,00,000 किलोमीटरच्या दरम्यान असतो, काही नव्या इंजिनांत त्याहून जास्त. त्याच्या जोडीला वर्षंही लिहिलेली असतात, चार-पाच किंवा त्याहून थोडी अधिक, आणि दोन्हींतलं जे आधी येईल ते. वर्षांची ही ओळ कुणी वाचत नाही. सोसायटीत झाकून ठेवलेली, आठ वर्षांत 30,000 किलोमीटर फिरलेली आजोबांची अल्टो ‘अगदी नवी’ म्हणून विकली जाते, तिचा पट्टा आठ वर्षांचाच असतो.

भिवंडीला मात्र किलोमीटर आणि वर्षं दोन्ही पुरत नाहीत. इथे तास मोजावे लागतात. अंजूरफाट्याला, मानकोली नाक्यावर किंवा कल्याण नाक्याच्या गर्दीत गाडी एसी लावून उभी असते तेव्हा किलोमीटरचा काटा हलत नाही, पट्टा फिरतच असतो. हिशेब सोपा आहे. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला 800 फेरे घेतं असं धरलं, तर तासाला 48,000 होतात. हीच गाडी मोकळ्या नाशिक हायवेला ताशी 60 च्या वेगानं, मिनिटाला 2000 फेऱ्यांनी चालली तर एका किलोमीटरला 2000 फेरे लागतात. म्हणजे तासभर कोंडीत उभं राहणं हे पट्ट्याच्या लेखी 24 किलोमीटर धावण्यासारखं. रोज दोन तास कोंडीत काढणाऱ्याच्या पट्ट्यावर वर्षाच्या 300 दिवसांत 14,400 किलोमीटरचे जादा फेरे चढतात आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही. त्यात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली वारा खेळत नाही, रबर भाजत राहतं. पुस्तिकांमध्ये ‘कठीण वापर’ असा एक वेगळा रकाना असतो: धूळ, उष्मा, रांगणारी वाहतूक. भिवंडीकरांनी सरळ तोच रकाना आपला समजावा आणि एक लाखाचा पट्टा सत्तर-पंचाहत्तर हजारांवर काढावा, असं माझं मत आहे. कामवारी नदीकाठच्या सखल वस्तीत पावसाळ्यात गाडी पाण्यात उभी राहिली असेल, तर त्याहीआधी झाकण उघडून बघावं, कारण ते पाणबंद नसतं आणि गाळ आत शिरतो. क्रँक किंवा कॅमच्या सीलमधून तेल झिरपून पट्ट्यावर आलं असेल, तर आकडा बघायचाच नाही. सील आणि पट्टा दोन्ही बदलायचे.

आडव्या इंजिनाच्या छोट्या गाडीत हे काम बघण्यासारखं असतं. फिटर पुढचं उजवं चाक काढतो, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावतो, बाजूचं माउंटिंग खोलतो. पहिला पिस्टन वर आणून क्रँक आणि कॅमच्या पुलीवरची निशाणं जुळवतो. बरेच जण त्यावर व्हाइटनरचा ठिपका देतात, म्हणजे अंधाऱ्या कोपऱ्यातही नजर चुकत नाही. जुना पट्टा उतरल्यावर कॅम हातानं हलवायचा नाही, हा पहिला नियम. नवा पट्टा मुडपायचा नाही, उलटा वळवायचा नाही, हा दुसरा, कारण आतल्या काचतंतूंना तीक्ष्ण घडी सोसत नाही आणि तिथेच तो पुढे तुटतो. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर बसला की चांगला फिटर थेट सेल मारत नाही. क्रँकला पाना लावून हातानं सावकाश दोन पूर्ण फेरे देतो आणि निशाणं पुन्हा जागेवर आली का ते बघतो. एक दात चुकला तरी गाडी सुरू होते, पण ओढत नाही. मध्येच कुठे पाना अडला तर फिटर हात काढून घेतो, जोर लावत नाही.

पट्ट्यासोबत टेन्शनर आणि आयडलर बदलायचेच, आणि वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही. इथे गिऱ्हाईक कुरकुर करतं. पट्टा स्वस्त आहे, मग पूर्ण किट कशाला? कारण मजुरी सगळी तिथवर पोहोचण्याची असते. जुन्या टेन्शनरचं बेअरिंग वर्षभरात जाम झालं तर नवाकोरा पट्टा घेऊन जातं आणि तेव्हा हेड खोलावं लागतं. किटच्या कित्येक पट खर्च तिथे आहे.

जुनी गाडी घेताना ‘बेल्ट गेल्याच वर्षी बदललाय’ हे वाक्य ठरलेलं असतं. बिल दाखवलं तर खरं मानावं. बिल नसेल, तर पट्टा बदलायचाच आहे असं धरून किंमत पाडून मागावी, आणि पहिल्याच आठवड्यात काम उरकून तारीख व किलोमीटर मार्करनं झाकणावर लिहून घ्यावेत. फोर्डच्या 1.0 लिटर इकोबूस्टसारख्या काही इंजिनांत पट्टा तेलात बुडालेला असतो. तिथे चुकीच्या तेलानं तो कुजतो आणि त्याचे कण तेलपंपाची जाळी तुंबवतात, म्हणून अशा गाडीत सर्व्हिसची सगळी बिलं बघितल्याशिवाय हात घालू नये.

आणि चालती गाडी झटका न देता, नुसती स्विच बंद केल्यासारखी मेली, तर? एकदाच कान द्यावा. सेल मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सुसाट फिरलं, अडखळ नसली, तर पट्टा गेल्याचा दाट संशय घ्यायचा. दुसऱ्यांदा सेल मारायचा नाही. जमलेल्या चार जणांना धक्का मारून गिअरमध्ये सुरू करूही द्यायची नाही. वाचलेले व्हॉल्व्ह त्यातच वाकतात. न्यूट्रलमध्ये टाकून टोचन लावायचं आणि गॅरेज गाठायचं.