वखारींतील थोरला पंखा

उन्हाळ्याच्या दिवसांत पत्र्याच्या छपराखालीं काम करणें म्हणजे काय असतें, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस निराळें सांगावयास नको. मुंबईजवळील भिवंडीच्या आसपास आज वखारींचा जो विस्तार झाला आहे, तो भारतांतील फार मोठ्या विस्तारांपैकीं एक आहे. कापड, औषधें, किराणा, विजेचीं उपकरणें असा नानाविध माल तेथें उतरतो आणि तेथून घरोघरीं रवाना होतो. मोठ्या वखारीचें छप्पर तीस-चाळीस फूट उंच असतें, आणि दुपारीं माथ्यावरचा पत्रा तापला म्हणजे तो खालच्या माणसांवर उष्णतेचा जणूं वर्षाव करितो. त्या उष्णतेंत कोणी पेट्या उचलतो, कोणी मालाची नोंद करितो, कोणी गाडी भरतो. अशा वेळीं मालकापुढें दोनच मार्ग दिसतात. माणसांना घामाघूम होऊं द्यावें, किंवा सबंध वखार शीतयंत्रांनीं गार करून विजेचें भलें मोठें बिल भरावें. पहिल्या मार्गांत माणसाच्या प्रकृतीची हानि आहे, दुसऱ्यांत पैशाची. ह्या दोहोंच्या मधला एक मार्ग गेल्या सुमारें तीस वर्षांत पुढें आला आहे. तो म्हणजे छपराला टांगलेला, वीस-चोवीस फूट व्यासाचा, संथपणें फिरणारा थोरला पंखा. हा पंखा खर्च कसा वांचवितो, आणि कोणत्या चुकीनें ती बचत हातची जाते, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंखा हवा थंड करितो, असें आपण सर्वजण सहज म्हणतों. पण तें खरें नाहीं. विद्यार्थ्यांनीं एक साधा प्रयोग करून पाहावा. बंद खोलींत पंख्याखालीं एक तापमापक ठेवावा व पंखा सुरू करावा. तासाभरानें पाहिलें तर पंख्यामुळें पारा उतरलेला आढळणार नाहीं; उलट, पंख्याला पुरविलेली वीज शेवटीं उष्णतेंतच रूपांतर पावत असल्यामुळें तो केसभर चढण्याचाच संभव अधिक. आतां त्याच तापमापकाच्या फुग्याभोंवतीं पाण्यांत भिजविलेली चिंधी गुंडाळावी. लागलीच पारा खालीं उतरूं लागेल. हवा तीच, पंखा तोच. फरक पडला तो ओलाव्यामुळें.

आपलें शरीर ह्या ओल्या चिंधीसारखें आहे. काम करणाऱ्या माणसाच्या अंगांत सारखी उष्णता उत्पन्न होत असते, आणि ती बाहेर टाकण्यासाठीं निसर्गानें घामाची योजना केली आहे. एक ग्रॅम घाम त्वचेवरून वाफ होऊन उडाला म्हणजे तो आपल्याबरोबर सुमारें ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. परंतु घाम नुसता येऊन भागत नाहीं, तो उडाला पाहिजे. हवा स्तब्ध असली म्हणजे त्वचेला लागून दमट व उबदार हवेचा एक पातळ थर तयार होतो आणि घामाची वाट अडवितो. घाम मग अंगावरून ओघळतो, कपडे भिजवितो, पण थंडावा देत नाहीं. कोंकणपट्टींतील दमट हवेंत हा अनुभव नित्याचा आहे. वाऱ्याची झुळूक आली कीं तो थर उडून जातो, त्या जागीं नवी हवा येते व घामास वाट मिळते. मंद पण अखंड वाऱ्यामुळें माणसाला हवा आहे त्यापेक्षां दोन ते तीन अंशांनीं गार असल्यासारखी वाटते. पंख्याचें सारें अर्थशास्त्र ह्या दोन-तीन अंशांवर उभें आहे.

आतां कोणी म्हणेल, वाराच हवा तर घरगुती पंखे ओळीनें टांगले म्हणजे झालें. एवढें धूड कशास पाहिजे? ह्याचें उत्तर वाऱ्याच्या झोतांत आहे. पंख्याखालीं हवेचा जो झोत निघतो, तो भोंवतालच्या स्थिर हवेशीं घासत घासत क्षीण होत जातो. झोत जितका रुंद, तितका तो दूर पोहोंचतो. चार फुटी पंखा तीस फूट उंचीवर टांगला तर त्याचा वारा जमिनीला पोहोंचण्यापूर्वींच विरून जातो. चोवीस फुटी पंख्याचा झोत मात्र खांबासारखा सरळ खालीं उतरतो, जमिनीवर आदळतो, आणि तेथून चोहों बाजूंस जमिनीलगत पसरतो. माणसें वावरतात तीही नेमकी त्याच पातळीवर. वारा छपराखालीं वाहून उपयोग नाहीं. तो हमालाच्या छातीला व पाठीला लागला पाहिजे.

दुसरें कारण विजेचें. हवा हालविण्यास लागणारी शक्ति हवेच्या वेगावर फार अवलंबून असते. समजा, तितकीच हवा आपल्याला दुप्पट व्यासाच्या पंख्यांतून ढकलावयाची आहे. व्यास दुप्पट झाला म्हणजे क्षेत्रफळ चौपट होतें. अर्थात् हवेला चतुर्थांशच वेग पुरतो. आणि वाहत्या हवेंतील शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें ती एक-सोळांशावर येते. थोडी हवा जोरानें फेंकण्यापेक्षां पुष्कळ हवा हळूहळू सरकविणें किती स्वस्त पडतें, तें ह्यावरून ध्यानांत यावें.

थोरला पंखा आळशी दिसतो, पण तो भास आहे. घरांतील १.२ मीटर व्यासाचा पंखा मिनिटास सुमारें ३५० फेरे करितो, ७.३ मीटर व्यासाचा मोठा पंखा फार तर ५५ च्या आसपास. तथापि पात्याच्या टोंकाचा वेग काढून पाहिला तर दोहोंचाही सेकंदास सुमारें २१ ते २२ मीटर इतका भरतो. मोठ्याचें टोंक लांबचा वळसा घालून येतें म्हणून आपल्याला तें सावकाश वाटतें, इतकेंच. मोठा पंखा जें क्षेत्र व्यापतो तें घरगुती पंख्याच्या सदतीसपट. तेवढे सदतीस पंखे प्रत्येकीं ७५ वॅटप्रमाणें सुमारें २,८०० वॅट घेतील. एकटा थोरला पंखा पुऱ्या वेगानेंही १,५०० वॅटच्या जवळपास घेतो.

ह्या पंख्याचा जन्म वखारींत झाला नाहीं, तो गाईंच्या गोठ्यांत झाला. उन्हाळ्यांत गाईला उष्मा सोसेनासा झाला कीं ती चारा कमी खाते व दूध कमी देते. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतीं वॉल्टर बॉइड ह्या गृहस्थांनीं दुभत्या गुरांच्या मोठ्या गोठ्यांसाठीं असे रुंद व संथ पंखे तयार केले. गाईंना जें मानवलें तें माणसांनाही मानवेल, हें ओळखून कारखानदार व वखारवाले ते वापरूं लागले. मुक्या जनावराच्या सुखाचा विचार आधीं झाला व कामकऱ्याचा मागाहून, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आतां मुख्य मुद्दा, म्हणजे खर्चाचा. वखारींत शीतयंत्रें आहेत असें धरूं. पंख्यामुळें माणसांना हवा दोन-तीन अंशांनीं गार वाटते; म्हणून शीतयंत्राचा कांटा तितकाच वर नेतां येतो, व माणसांना फरक जाणवत नाहीं. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनें असें सांगितलें आहे कीं, शीतयंत्राचा कांटा एक अंशानें वर नेल्यास सुमारें सहा टक्के वीज वांचते. तेंच ढोबळ माप आपण घेऊं. शीतयंत्रांचें मासिक बिल १,००,००० रुपये आहे व कांटा २४ अंशांवरून २७ वर नेला, असें मानलें तर बचत अठरा टक्के, म्हणजे १८,००० रुपये.

पण पंखेही वीज खातात. चार पंखे प्रत्येकीं दीड किलोवॅटचे, रोज दहा तास, महिन्याला २६ दिवस चालले तर १,५६० युनिटें खर्च होतील. युनिटास दहा रुपये धरले तर १५,६०० रुपये झाले. अठरा हजारांतून ते वजा जातां उरले केवळ २,४०० रुपये! एवढ्या बचतींतून पंख्यांची किंमत कधीं वसूल होणार? येथेंच पुष्कळांचा हिशेब फसतो आणि पंख्याला दोष दिला जातो.

दोष पंख्याचा नाहीं, तो पुऱ्या वेगाचा आहे. पंख्याचा एक नियम असा आहे कीं, वारा फेऱ्यांच्या प्रमाणांत बदलतो, पण शक्ति फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणांत बदलते. वेग तीन-पंचमांश केला तर वारा तीन-पंचमांश राहतो. विजेचा खर्च मात्र तीन-पंचमांशाचा घन, म्हणजे १२५ पैकीं २७ भाग एवढाच होतो. वरील १,५६० युनिटांच्या जागीं सुमारें ३३७ युनिटें, म्हणजे ३,३७० रुपये. वारा कमी झाल्यामुळें तीन अंशांऐवजीं दोनच अंशांचा दिलासा मिळाला असें समजलें, तरी बचत १२,००० रुपये. त्यांतून ३,३७० वजा जातां ८,६३० रुपये हातीं राहतात. कमी वारा घेऊन साडेतीनपटींहून अधिक बचत झाली. प्रत्यक्ष यंत्रांत आंकडे थोडे पुढेंमागें होतील. परंतु तत्त्व बदलणार नाहीं. घनमूळ व घनफळ शिकून व्यवहारांत काय उपयोग, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें गणित एकवार स्वतः करून पाहावें.

ज्या वखारींत शीतयंत्रें मुळींच नाहींत, तेथें पंखा बिल कमी करीत नाहीं, थोडें वाढवितोच. तेथें त्याचा लाभ निराळ्या खात्यावर जमा होतो: कमी थकवा, कमी चुका, कमी आजार. हिशेबाच्या वहींत ह्या रकमेस रकाना नसतो, म्हणून ती रक्कम खोटी ठरत नाहीं.

ह्या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पंख्याचा उपयोग घाम येणाऱ्यास होतो, आणि पेट्यांना घाम येत नाहीं. जीं औषधें वा जे खाद्यपदार्थ ठराविक तपमानांतच टिकतात, त्यांच्यासाठीं हवा खरोखरच गार असावी लागते; तेथें वाऱ्याच्या भरंवशावर कांटा वर नेणें म्हणजे मालाचा नाश. त्याचप्रमाणें, ज्या भागांत माणूस नाहीं तेथें पंखा चालू ठेवणें म्हणजे पैसे देऊन हवा तापविणें होय.

दुसरी मर्यादा उन्हाची. हवा आपल्या त्वचेहून अधिक तापली म्हणजे वारा अंगांतील उष्णता नेण्याऐवजीं बाहेरची उष्णता अंगास देऊं लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे कीं, तपमान ४० अंशांच्या वर गेल्यास विजेच्या पंख्यावर विसंबून राहूं नये. नागपूर-चंद्रपुराकडे वैशाखांत पारा पंचेचाळिसाच्याही पलीकडे जातो. तेथें नुसता पंखा पुरणार नाहीं. पाण्यानें हवा गार करणें, पिण्याचें पाणी, सावली व विसांवा हीं हवींतच. आणि कोठेंही झालें तरी, छपराखालीं सांचलेल्या तप्त हवेला बाहेर जाण्यास वाट ठेवणें व पत्र्यास पांढरा रंग देणें, हे उपाय आधीं करावे. येणारी उष्णता रोंखणें हें आलेली उष्णता सोसण्यापेक्षां केव्हांही स्वस्त.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. पुष्कळ वखारींत आग लागल्यास छतांतून आपोआप पाणी फवारण्याची सोय असते. पंख्याच्या वाऱ्यानें तो फवारा भलतीकडे उडूं नये, म्हणून अमेरिकेंतील अग्निसंरक्षणाच्या नियमांत असें सांगितलें आहे कीं, थोरला पंखा चार फवाऱ्यांच्या मधोमध व त्यांच्या निदान तीन फूट खालीं असावा, आणि पाणी सुटतांच तो आपोआप थांबावा. तसेंच, मालाच्या उंच मांडण्यांच्या अगदीं माथ्यावर पंखा टांगला तर झोत मांडणीवरच अडतो. तो मोकळ्या जागेवर, जेथें माल चढविण्या-उतरविण्याचें काम चालतें तेथें असावा.

असो. पालकांस येथें सांगावेंसें वाटतें कीं, हा न्याय वखारीपुरता नाहीं. ज्यांच्या घरीं शीतयंत्र आहे त्यांनीं छताचा पंखा मंद वेगानें लावून यंत्राचा कांटा २६-२७ अंशांवर ठेवावा, आणि खोलींतून उठतांना पंखा बंद करण्यास विसरूं नये. ज्यांच्या घरीं शीतयंत्र नाहीं त्यांनीं खिडकीची वाट मोकळी ठेवावी. हवा विकत घ्यावी लागत नाहीं. ती कोठें, केव्हां व किती वेगानें हालवावी, एवढें मात्र शिकावें लागतें.