वरच्या पट्टींतील छायाचित्र

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास तासगांवच्या परिसरांत फिरणाऱ्या माणसाला शेतांच्या कडेनें लांबच लांब, भिंती नसलेल्या मांडवांच्या रांगा दिसतात. त्यांना बेदाणा शेड म्हणतात. आंत जाळ्यांचे मजल्यावर मजले बांधलेले असतात. पोटॅशियम कार्बोनेट व तेल यांच्या द्रावणांतून काढलेलीं द्राक्षें त्यांवर पातळ पसरतात आणि सुमारें दोन आठवड्यांत त्यांचा बेदाणा होतो. ऊन थेट आंत येत नाहीं, भोंवतालच्या हिरव्या जाळींतून गाळून येतें. त्यामुळें काळीभोर सावली कोठेंच पडत नाहीं. मजल्यांच्या मधल्या वाटेंत पांढरें धोतर, पांढरी बंडी व पांढरी टोपी घातलेला वृद्ध शेतकरी उभा असला, तर सारें दृश्य दुधानें धुतल्यासारखें भासतें.

त्याच दृश्याचें मोबाइलवर घेतलेलें छायाचित्र मात्र घरीं पाहिल्यावर निराशा करतें. धोतर राखाडी आलेलें असतें, प्रकाश मळकट वाटतो आणि साऱ्यावर हिरवट झांक पसरलेली असते. मग हाताशीं असलेली 'ब्राइटनेस'ची पट्टी उजवीकडे सरकविली जाते. चित्र उजळतें खरें. पण धोतराच्या चुण्या नाहींशा होतात आणि चेहरा पिठाच्या पुतळ्यासारखा दिसूं लागतो. पहिल्या चित्रांत काय उणें होतें आणि दुसऱ्यांत काय बिघडलें, हें एकदां उमगलें म्हणजे छायाचित्रणांत ज्याला 'हाय-की' म्हणतात त्या पद्धतीचें मर्म हातीं येतें.

प्रथम राखाडी धोतराचें कारण पाहावें. कॅमेऱ्याला धोतर किंवा घोंगडी ओळखतां येत नाहीं. त्यांवरून परत येणारा प्रकाश तेवढा मोजतां येतो. समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें 18 टक्के प्रकाश तें परत धाडतें, असें गृहीत धरून प्रकाशमापक आपला हिशेब करतो. परिणामीं काळी घोंगडी उजळून राखाडी होते आणि पांढरें धोतर मंदावून राखाडीच होतें. आजच्या मोबाइलांतील यंत्रणा चेहरा ओळखून हा हिशेब पुष्कळ सुधारते, तरी मूळची ओढ सरासरीकडेच असते. म्हणून पांढरें दृश्य टिपतांना मापकानें सांगितलेल्यापेक्षां एक ते दोन 'स्टॉप' अधिक प्रकाश द्यावा लागतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश, दोन स्टॉप म्हणजे चौपट. बर्फाळ प्रदेशांतील छायाचित्रकार हाच उपाय करतात.

'की' हा शब्द इंग्रजांनीं संगीतांतून उचलला. आपले गवई त्याला पट्टी म्हणतात. काळी एक किंवा पांढरी चार अशी पेटीवरील पट्टी ठरली, कीं सारें गाणें त्या पायावर उभें राहतें. पट्टी वर नेल्यानें स्वर नाहींसे होत नाहींत. सारे मिळून वर सरकतात, आणि गंधार व मध्यम हे निराळेच ऐकूं येतात. गळा न पोंचणारा माणूस मात्र वरच्या पट्टींत नुसता ओरडतो व सारे स्वर एकच होतात. छायाचित्राचेंही असेंच आहे. हाय-की चित्रांत बहुतेक सर्व छटा उजेडाच्या बाजूला असतात. त्यांतील अंतर कमी होतें, पण पायऱ्या शिल्लक राहतात. नुसत्या उजळलेल्या चित्रांत त्या पायऱ्याच पुसल्या जातात.

खालच्या पट्टीचें उदाहरण महाराष्ट्राला चांगलें परिचित आहे. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनीं 1945-46 च्या सुमारास रंगविलेलें, हातांत समई घेतलेल्या तरुणीचें 'ग्लो ऑफ होप' हें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. त्यांत अंधार हाच पाया असून थोड्याशा उजेडानें चेहरा उमलून येतो. हाय-की चित्रांत हा व्यवहार उलटा होतो. तेथें उजेड हा पाया आणि थोडासा काळोख हा प्राण. हळदणकरांचें तें चित्र जलरंगांतील आहे, हेंही येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. कारण जलरंगांत पांढरा रंग सहसा लावीत नाहींत, कागदच कोरा राखतात. किती कागद कोरा ठेवावयाचा हें अगोदर ठरविणें, ही हाय-की छायाचित्राचीही पहिली पायरी आहे.

संगणकावर किंवा मोबाइलवर छटांच्या या पायऱ्या आंकड्यांनीं मोजतां येतात. सामान्य चित्रांत निखळ काळ्यासाठीं 0 आणि निखळ पांढऱ्यासाठीं 255 असे आंकडे असतात. धोतराचा उजेडांतला भाग 245, चुणीची कड 230 आणि चुणीची खोल बाजू 205 असेल, तर कापड कापड दिसतें. तिन्ही 255 झाले म्हणजे तेथें कागदाला भोंक पडल्यासारखें होतें, आणि मागाहून चित्र कितीही काळें केलें तरी गेलेली चुणी परत येत नाहीं. हें डोळ्यांनीं ओळखणें कठीण जातें, म्हणून संस्करणाच्या साधनांत 'हिस्टोग्राम' नांवाचा आलेख दिलेला असतो. हाय-की चित्रांत त्याचा डोंगर उजवीकडे असावा, पण उजव्या भिंतीला टेकून उंच सुळका उभा राहूं नये. ज्यांच्या कॅमेऱ्यांत 'रॉ' प्रत ठेवण्याची सोय आहे त्यांनीं ती अवश्य ठेवावी. नेहमींच्या 'जेपेग' प्रतींत प्रत्येक मूलरंगाला 256 पायऱ्या मिळतात, तर 14 बिटांच्या रॉ प्रतींत त्या 16,384 असतात. साहजिकच सुधारणेला वाव अधिक राहतो.

आतां शेडमधील त्या चित्राकडे वळावें. जिंप किंवा डार्कटेबल यांसारखीं विनामूल्य साधनेंही या कामाला पुरतात. मूळ प्रत बाजूला ठेवून दुसरीवर प्रयोग करावा. आरंभीं हिरवट झांक काढावी, कारण चित्र उजळल्यावर ती अधिकच डोळ्यांत भरते. 'व्हाइट बॅलन्स' ठरवितांना धोतराला प्रमाण मानण्याचा मोह होतो. परंतु धोतर निळींत बुडविलेलें असल्यास साधन ती निळाई काढूं जातें आणि चित्र पिवळें पडतें. त्यापेक्षां टिपतांनाच साधा पांढरा कागद एका चित्रांत धरून ठेवावा व तें माप इतरांना लावावें.

त्यानंतर 'एक्स्पोजर' अर्ध्या-अर्ध्या स्टॉपनें वाढवावें आणि प्रत्येक वेळीं आलेखाची उजवी भिंत पाहावी. अतिउजळ भाग 'हायलाइट्स'नें किंचित् मागें घ्यावेत, सांवल्या थोड्या वर उचलाव्यात. 'कर्व्ह'ची सोय असल्यास वक्ररेषेचा मधला भाग वर उचलून वरचें टोंक जागच्या जागीं ठेवावें. यानें राखाडी छटा पांढऱ्याकडे सरकतात, पण पांढऱ्या छटा कडेलोट होऊन पडत नाहींत. सांवल्या उचलतांना मात्र काळ्याचा सर्वस्वीं नायनाट करूं नये. डोळ्यांची बाहुली, टोपीखालची सावली, पायांतील चप्पल अशा दोन-तीन ठिकाणीं खरा काळा राहिला, तरच भोंवतालचा उजेड उजेड वाटतो. तो काढून टाकला तर सारें चित्र धुक्यांत बुडतें.

येथवरचें काम हाताच्या सरावाचें आहे. खरा कसोटीचा प्रसंग चेहऱ्यापाशीं येतो. उजळ चित्र आणि उजळ कांति या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे त्यांची गल्लत फार लवकर होते. ही खोड संगणकाबरोबर आलेली नाहीं. कांचेच्या निगेटिव्हच्या काळींही स्टुडिओंतून चेहऱ्यावर टोंकदार पेन्सिल फिरवीत. निगेटिव्हवर पेन्सिलीचा थर बसला कीं तेथून प्रकाश कमी जाई आणि छापील चित्रांत तो भाग गोरा व सुरकुतीविरहित उमटे. पाश्चात्त्य देशांत तर रंगीत छपाईचें प्रमाण म्हणून दीर्घकाळ गौरवर्णी स्त्रीचेंच चित्र प्रयोगशाळांना पुरविलें जात असे. त्या मापाला न बसणाऱ्या सांवळ्या चेहऱ्यांच्या छटा छपाईंत एकमेकींत मिसळून जात. आज तेंच काम मोबाइलचा 'ब्यूटी' पडदा एका क्षणांत करतो. लग्नाच्या माहितीपत्रकासाठीं काढलेल्या मुलीच्या चित्राला 'हाय-की करून द्या' असें सांगितलें जातें, तेव्हां पुष्कळदां मागणी प्रकाशाची नसते, गोरेपणाची असते. त्या मुलीला असें चित्र पाहून जें कळतें तें कोणी तोंडानें बोलत नाहीं, इतकेंच.

हाय-की पद्धतीला या लबाडीची कांहींच गरज नाहीं. उलट सांवळा चेहरा हेंच अशा चित्राचें बळ असतें. पांढऱ्या परिसरांत तोच सर्वांत गडद, म्हणून नजर प्रथम तेथें जाते. यासाठीं 'मास्क' लावून चेहरा वेगळा काढावा आणि मागची भूमिका व वस्त्रें तेवढीं वर न्यावीं. चेहऱ्यावर सांवली फार दाट असली तर ती हलकी करावी. कातडीचा मूळ वर्ण बदलूं नये. वृद्ध शेतकऱ्याच्या कपाळावरील आठ्या व गालांवरील रेषा हीच त्याच्या चेहऱ्याची भाषा असते. नातवंडांच्या हातीं पुढें हेंच एक चित्र उरावयाचें असेल, तर गुळगुळीत गाल पाहून त्यांना आजोबा आठवणार नाहींत.

दुसरा प्रश्न बेदाण्याचा. त्याचा भाव दाण्याच्या आकारावर व रंगावर ठरतो. हिरवा, पिवळा, काळा असे भेद बाजारांत चोखंदळपणें पाहिले जातात. रंग राखण्यासाठींच त्याला गंधकाची धुरी देतात. अशा मालाचें चित्र पट्टी चढवून उजळलें तर तपकिरी दाणा पिवळा आणि पिवळा दाणा हिरवट दिसूं शकतो. शेडच्या उजेडाचें सौंदर्य दाखविण्यासाठीं केलेलें चित्र भिंतीवर शोभेल. तेंच चित्र नमुना म्हणून गिऱ्हाइकाला धाडलें तर तें वजनांत पासंग मारण्यासारखें होईल. नमुन्याचें चित्र मध्यम पट्टींतच ठेवावें आणि शेजारीं पांढरा कागद दिसूं द्यावा.

प्रत्येक विषय वरच्या पट्टींत शोभतोच असेंही नाहीं. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं तासगांवांत गणपतीचा रथ भक्त हातांनीं ओढतात, गुलालाची उधळण होते. तो गर्दीचा, घामाचा व रंगाचा सोहळा फिका केला तर त्याचा जीवच जाईल. तान्हें मूल, धुतलेलीं वस्त्रें, दाट धुकें, तांदळाची रांगोळी, दुपारचा बेदाणा शेड हे विषय मात्र मुळांतच उजेडाचे आहेत. विषयांत उजेड असेल तर संस्करण त्याला वाट करून देतें. नसेल तर बाहेरून ओतलेला उजेड उपरा दिसतो.

चित्र पुरें झाल्यावर तें लहान आकारांत कागदावर छापून घ्यावें, कारण चमकत्या पडद्यावर सारेंच उजळ वाटतें. छापील प्रतींत धोतराच्या चुण्या मोजतां आल्या, डोळ्यांतील काळेपणा टिकला आणि ज्याचें चित्र आहे त्याच्या घरच्या माणसानें तें पाहतांच नांव घेतलें, तर पट्टी बरोबर लागली असें समजावें.