वाटाघाटीत नगरपालिकेचे आसन कोठे?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आदिवासींच्या जमिनींविषयी तह ठरतात तेव्हा पक्ष तीनच: केंद्र, प्रांत आणि ती जमात. नगरपालिकांचा प्रतिनिधी बसतो तो प्रांताच्या बाजूला, सल्ला देण्यापुरता. मला ही रचना उफराटी वाटते. सह्या झाल्यावर पाणी, गटारे पुरवायची बहुधा शेजारच्या शहरानेच ना!

व्हँकूव्हरचे पाहा. तेथील सेनाक्व गावातून स्क्वामिश लोकांना १९१३ साली हुसकावले गेले. सुमारे साडेदहा एकर जमीन २००३ साली परत मिळाली, तीही तहाने नव्हे, कोर्टकचेऱ्या करून. राखीव भूमी असल्याने तेथे शहराचे बांधकाम-नियम चालत नाहीत. उंच इमारती उभारायचे ठरले, तेव्हा २०२२ साली शहराने स्क्वामिशांशी बरोबरीच्या नात्याने सेवांचा करार केला. शेजारचे काही रहिवासी त्याविरुद्ध न्यायालयात गेले, पण हरले.