नकाशात तुटक, रानात गायब

ऊसतोडीची टोळी फडात उतरायच्या आधी मुकादम एकच प्रश्न विचारतो, "ट्रॉली आत येतीय का?" आमच्या चुलत्यांच्या मळ्यात ती येत नाही. पूर्वी बैलगाडी यायची. मळ्यापर्यंत पाणंद होती, दोन्ही अंगाला निवडुंग आणि बाभळी होत्या. मग दोन्हीकडच्या नांगरांनी दरसाल एकेक तास आत घेतलं. बाभळी गेल्या, निवडुंग गेला आणि उरली ती एका माणसाला मोळी डोक्यावर घेऊन कसंबसं चालता येईल अशी वाट. टोळी डोक्यावरच्या वाहतुकीचे जादा पैसे घेते. तिच्या बाजूनं ते बरोबरच आहे.

या वाटेवरून पारावर चर्चा झाली नाही असा हंगाम नाही. शेतरस्त्याच्या कायद्यावर आमच्या गावात जेवढे वकील आहेत तेवढे तालुक्याच्या कोर्टात नसतील. त्यातलं निम्मं ज्ञान चुकीचं आणि उरलेलं अर्धवट असतं. म्हणून हा खटाटोप.

पारावरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सातबाऱ्यावर रस्ता नाही, म्हणजे रस्ता नाही."

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. सातबारा मुळात सारा वसुलीच्या पोटी जन्मलेला कागद आहे. मुंबई इलाख्यात 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून जमिनीची मोजणी आणि आकारणी बसवायला सुरुवात केली. जमीन किती, कस कसा, सारा किती, हे त्यांना हवं होतं. रस्ता पिकत नाही, त्यामुळे त्याचा सारा नाही. त्याची नोंद झाली ती गाव नकाशावर आणि मोजणीच्या टिपणांत. म्हणून रस्ता शोधणाऱ्यानं सातबारा घेऊन बसण्यापेक्षा भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढावी.

त्या नकाशाची एक लिपी आहे. दोन तुटक रेषा समांतर धावताना दिसल्या की तो गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेषा असेल तर पायमार्ग, त्याची रुंदी सव्वाआठ फूट. हे आकडे विचित्र वाटतात, पण जुन्या मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची होती हे लक्षात घेतलं की उलगडा होतो. तेहेतीस बाय तेहेतीस म्हणजे एक गुंठा. साडेसोळा फूट म्हणजे अर्धी साखळी आणि सव्वाआठ म्हणजे पाव. गल्लीतल्या भांडणात आजही जी रुंदी निघते, ती कुणा साहेबानं साखळी दुमडून ठरवलेली आहे.

गटातून जाणाऱ्या अशा मार्गाचं क्षेत्र बहुधा पोटखराब्यात गेलेलं असतं. पोटखराबाही दोन तऱ्हेचा. 'अ' म्हणजे खडक, खाचखळगे, लागवडीला न येणारी जमीन. ती कष्टानं वहितीला आणता येते. 'ब' म्हणजे रस्ता, ओढा, तळं, स्मशान अशा सार्वजनिक कामासाठी सोडलेली. ती पिकाखाली घेता येत नाही, मग भोवतीचं सगळं रान तुमच्या नावावर का असेना. "खराबाच आहे, नांगरला तर काय झालं?" असं म्हणणाऱ्यानं आधी अक्षर बघावं.

आणि नकाशातही नाही असे रस्ते? तेही असतात. बांधाबांधानं शेतावर जाणाऱ्या वाटा मोजणीदारानं नकाशावर घेतल्याच नाहीत. त्यांच्यासाठी 'वाजिब-उल-अर्ज' नावाचं दफ्तर आहे. ऐकून एखादा गझलसंग्रह वाटेल, पण ते गावच्या वहिवाटींचं रजिस्टर. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 165 मध्ये त्याची तरतूद आहे: पाण्याचे, मासेमारीचे, जाण्यायेण्याचे रिवाज त्यात लिहायचे. तलाठी कार्यालयात हे नाव घेऊन पाहा, चेहऱ्यावरून कळेल ते शेवटचं कधी उघडलं होतं.

दुसरं वाक्य जरा रागानं येतं: "पाणंद सरकारी आहे ना? मग सरकार का नीट करत नाही?"

पहिला भाग खरा आहे. कुणा खाजगी माणसाच्या मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा शासनाच्या मालकीच्या, असं त्याच अधिनियमाचं कलम 20 सांगतं. पण मालकी आणि देखभाल या दोन वेगळ्या गोष्टी. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग सांभाळतो. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. या सगळ्यांना क्रमांक असतो, यादी असते, अंदाजपत्रकात जागा असते. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना 25 डिसेंबर 2000 ला सुरू झाली. तिचे नारिंगी डोक्याचे दगड आपण सगळ्यांनी पाहिलेत. तिचं काम वस्ती जोडण्याचं, सपाट प्रदेशात पाचशे लोकवस्तीचं गाव ही तिची मूळ अट. म्हणजे डांबर गावच्या वेशीपर्यंत येतं. वेशीपासून शेतापर्यंतचा रस्ता कुठल्याच क्रमांकात बसत नाही. तो शासनाचा आहे, पण त्याचं पालकत्व कुणाकडे नाही.

हे असंच असायला हवं असं मात्र नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं नेमकं उलट केलं. रस्क काउंटीत जानेवारी 1937 मध्ये साडेनऊ किलोमीटरच्या आत-बाहेरचा एक रस्ता पुरा झाला, तिथला पहिला 'शेत ते बाजार' रस्ता. 1949 च्या कायद्यानं अशा रस्त्यांसाठी दरसाल निधी बांधून दिला आणि देखभाल राज्याच्या महामार्ग खात्यावर टाकली. आज त्या खात्याच्या जाळ्यातली निम्म्याहून अधिक लांबी याच रस्त्यांची आहे. ह्यूस्टनकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना 'एफएम 1960' ओळखीचा असेल. मॉलांच्या गर्दीतून जाणारा तो मोठा रस्ता कागदोपत्री अजून शेताचाच आहे. आपल्याकडे शेतरस्त्याला रस्ता म्हणवून घ्यायची मारामार, तिकडे शहराला शेतरस्त्याचं नाव पुसता येईना.

आपल्याकडे शेतशिवारातल्या वाटांवर पैसा आला तो दुष्काळाच्या आणि रोजगाराच्या वाटेनं. 1972 च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला बसली आणि पाझर तलावांबरोबर मैलोन् मैल मातीचे रस्ते झाले. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. तिच्यासाठी पैसा उभा करायला 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. पगारपत्रकातून वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार कापले जातात ते हेच. पुण्या-मुंबईच्या नोकरदारांना आपण कुणाच्या तरी शिवारातल्या रस्त्यावर मुरूम टाकलाय हे ठाऊक नसतं, आणि शिवारातल्यांनाही नसतं.

त्या रस्त्यांची एक गोची मात्र आजवर पुरते आहे. आमच्या भागात अनेकांनी तेव्हा तोंडी जमीन सोडली. पोट भरायचं होतं, कागद कोण बघतो? ना संपादन, ना फेरफार. आजोबांनी सोडलेला रस्ता नातू नांगरतो, कारण सातबाऱ्यावर क्षेत्र अजून पूर्णच आहे.

आता "पाणंदीला योजना आहे" असंही कानावर येतं. आहे. 2018 मध्ये पालकमंत्र्यांच्या नावानं आली, नोव्हेंबर 2021 मध्ये 'मातोश्री ग्रामसमृद्धी' या नावानं नव्यानं आली. तिचा कणा म्हणजे 2005 च्या केंद्रीय कायद्यातली रोजगार हमी, आणि त्या कायद्यात मजुरीवर किमान साठ टक्के व साहित्यावर चाळीस टक्क्यांपर्यंत खर्चाचं बंधन होतं. इथंच अडायचं. माती ओढणं माणसांकडून होतं, पण खडी, मुरूम, नळ्या, रोलर हे सगळं साहित्यात मोडतं. काळ्या रानात नुसत्या मातीचा रस्ता म्हणजे पहिल्या पावसात चिखल. म्हणून गावात मजुरीचं दुसरं काम काढून प्रमाण जुळवावं लागायचं किंवा राज्यानं साहित्याला वरचा पैसा घालावा लागायचा. आणि कुठल्याही योजनेआधी एक पायरी असते: अतिक्रमण निघालं पाहिजे. तिथं मुरूम उपयोगाचा नाही.

तिसरा घोळ अर्जाचा. "रस्त्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज टाकला की झालं, कलम कुठलं का असेना." कलमावरच सगळं आहे. दोन दारं शेजारीशेजारी आहेत आणि लोक चुकीच्या दारावर वर्षं काढतात.

एक दार महसूल अधिनियमाच्या कलम 143 चं. माझ्या गटाला जायला रस्ताच नाही, तेव्हा दुसऱ्याच्या गटाच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, मला वाट द्या, ही मागणी इथली. तहसीलदारानं शेतकऱ्याची वाजवी गरज पाहून निर्णय द्यायचा. तो पटला नाही तर अपील आहे, किंवा एका वर्षात दिवाणी दावा आहे. दावा लावला की अपिलाचं दार बंद.

दुसरं दार मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 चं. रस्ता होता, वहिवाटीत होता, कुणी चर खोदला किंवा काटेरी फांद्या टाकल्या, तर अडथळा काढा म्हणून इथं यायचं. इथं नवा रस्ता मिळत नाही. मुदत आहे फक्त सहा महिन्यांची, अडथळा झाल्या दिवसापासून. गावकीत बैठका घेत, भावकीची मनधरणी करत, "दिवाळी होऊ दे" म्हणत माणूस सातव्या महिन्यात तहसीलला पोचतो आणि मुदतीत नाही म्हणून परत येतो. शहाणपणानं वागल्याची शिक्षा असावी तसं ते वाटतं. समेट करायचा तर अर्ज टाकून करावा, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

143 मधला 'हद्दीवरून' हा शब्द फार जणांच्या नजरेतून सुटतो. शेजाऱ्याच्या रानाच्या मधून तिरपा, जवळचा पडतो म्हणून रस्ता मागता येत नाही. आधीच एक वाट असेल आणि ती लांबची आहे एवढीच तक्रार असेल, तर तीही चालत नाही. गरज आणि सोय यांत कायदा फरक करतो, आपण करत नाही. आणि मिळते ती जाण्यायेण्याची वाट. बांध ज्याचा त्याचाच राहतो. रस्ता मिळाला म्हणून त्यावर गोठा घालणारे किंवा दुसऱ्याला येऊ न देणारेही पाहिलेत.

"वीस वर्षं वापरतोय, आता तो आमचाच" हे वाक्यही अर्धं खरं. 1882 चा सुविधाधिकाराचा कायदा वीस वर्षांच्या वापराला मान देतो, पण तो वापर उघड, शांतपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून झालेला हवा. शेजारधर्म म्हणून दिलेली वाट पन्नास वर्षं वापरली तरी ती मेहेरबानीच. शिवाय ती वीस वर्षं दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली लागतात. रस्ता बंद झाल्यावर पाच वर्षं गप्प बसलेल्याला हा आधार उरत नाही. आणि हा हक्क ठरवतं दिवाणी न्यायालय.

जमीन विकत घेणाऱ्यांसाठी एकच: खरेदीखतात 'पूर्वेकडून रस्ता' लिहिलं म्हणून रस्ता मिळत नाही. विकणाऱ्याकडे जे नव्हतं ते त्यानं कागदावर दिलं तरी शेजाऱ्याला बांधत नाही. उलट रस्त्यापुरती दोन-चार गुंठ्यांची पट्टी विकत घ्यायची तर तुकडेबंदी आडवी येते, हे पूर्वी खरं होतं. 2024 मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. शेतरस्ता, विहीर अशा कामांसाठी प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याचा व्यवहार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं करता येतो.

राहिली रुंदी. बांधावरून दिलेल्या वाटेची रुंदी कलम 143 मध्ये लिहिलेलीच नाही. ते कलम आलं तेव्हा बैलगाडी डोळ्यासमोर असणार. आता ट्रॅक्टर, हार्वेस्टर, ट्रॉली आली. 22 मे 2025 च्या शासन निर्णयानं शेतरस्ता किमान तीन ते चार मीटरचा ठेवावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी असं सांगितलं. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनी रस्ता त्याच कागदावर येतोय, जिथं तो नाही म्हणून सगळी भांडणं झाली.

आमच्या चुलत्यांनी शेवटी पाणंदीची मोजणी मागवली. नकाशात दोन तुटक रेषा निघाल्या, चुलते खूश झाले. शेजाऱ्याच्या बाजूला मोजणीदाराचा चुना त्याच्या उसात चार सऱ्या आत गेला. मग चुना आमच्या बाजूला वळला आणि चुलत्यांनी स्वतः लावलेल्या सीताफळांची एक अख्खी ओळ पाणंदीत निघाली. चुलते म्हणतात, त्याचा ऊस निघाला की झाडं काढू. शेजारी म्हणतो, आधी झाडं काढा, मग ऊस. चुना दोन पावसांत धुऊन गेला आहे आणि यंदाही मोळ्या डोक्यावरूनच निघाल्या.