ऐका, मुले इतिहास सांगताहेत!

परीक्षेत नव्वद टक्के गुण मिळवणारा मुलगा घरी आलेल्या पाहुण्यांशी चार वाक्ये धड बोलत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. मग वक्तृत्वाच्या शिबिराची चौकशी सुरू होते. तिथे पाठ केलेले भाषण हातवारे करून म्हणायला मुले शिकतात. पण समोरच्याला प्रश्न विचारणे, त्याचे नीट ऐकून घेणे आणि ऐकलेले तिसऱ्याला समजेल असे सांगणे, हे खरे संभाषणकौशल्य मात्र राहूनच जाते.

ते कसे शिकवता येते, हे अमेरिकेतल्या एका छोट्या गावातील चार विद्यार्थ्यांनी दाखवून दिले. त्यांनी जवळच्याच दुसऱ्या एका गावाच्या इतिहासावर पॉडकास्ट केला. पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरून हवा तेव्हा ऐकता येणारा, रेडिओवर असतो तसा कार्यक्रम.

हत्तिणीची फाशी

टेनेसी राज्यातले अर्विन हे रेल्वेचे गाव. सप्टेंबर १९१६ मध्ये किंग्जपोर्ट या दुसऱ्याच गावात सर्कशीतल्या मेरी नावाच्या हत्तिणीने आपल्या माहुताला ठार केले. लोक खवळले. तिला मारायचे ठरले. पण एवढ्या मोठ्या जनावराला मारणार कसे? अर्विनच्या रेल्वे यार्डात भक्कम क्रेन होती. दुसऱ्याच दिवशी मेरीला तिथे आणून गर्दीसमोर साखळीने फासावर लटकवण्यात आले. घटना दुसऱ्या गावातली, सर्कसही बाहेरची. पण ‘हत्तिणीला फाशी देणारे गाव’ हा शिक्का बसला तो अर्विनवर. शंभर वर्षे तो पुसला गेला नाही.

अमेरिकेतील नॅशनल पब्लिक रेडिओने २०१९ मध्ये शाळकरी मुलांसाठी पहिली पॉडकास्ट स्पर्धा घेतली. सुमारे सहा हजार प्रवेशिका आल्या. मोठ्या विद्यार्थ्यांच्या गटात पहिला आला तो या चौघांचा अर्विनवरचा कार्यक्रम. नुसती भयंकर कथा रंगवून ते थांबले नाहीत. गावातल्या माणसांना त्यांनी बोलते केले. या डागाचे आज गाव काय करते आहे, हेही सांगितले. अर्विनमध्ये आता रंगवलेल्या हत्तींचे पुतळे रस्त्यांवर मांडतात, त्यांचा लिलाव करतात आणि ते पैसे हत्तींच्या अभयारण्याला देतात.

कानासाठी लिहिताना

अशा कामात मुले काय शिकतात? पहिले म्हणजे विचारणे. ‘तेव्हा भीती वाटली का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. ‘त्या रात्री काय घडले?’ असे विचारले की माणूस बोलू लागतो. दुसरे म्हणजे गप्प बसणे. मध्येच तोंड घातले की मुलाखत बिघडते, हे रेकॉर्डिंग ऐकताना मुलाला स्वतःलाच कळते. तिसरे म्हणजे सोपे सांगणे. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही, म्हणून वाक्य लहान आणि क्रम सरळ हवा. आणि इतिहास असल्यामुळे आणखी एक शिस्त लागते. ऐकीव कोणते आणि पुराव्याचे कोणते, हे वेगळे करूनच बोलावे लागते.

घरच्या घरी

यासाठी स्टुडिओ लागत नाही. मोबाइलवरचा रेकॉर्डर, पंखा बंद केलेली शांत खोली आणि आठवणी सांगणारे एक वडीलधारे माणूस पुरे. आजीने १९६१ चा पानशेतचा पूर पाहिला असेल, आजोबांनी १९६७ चा कोयनेचा भूकंप किंवा १९७२ चा दुष्काळ अनुभवला असेल. मुलाने आधी त्या घटनेविषयी वाचावे, पाच प्रश्न काढावेत आणि आजीची परवानगी घेऊन बोलणे टिपावे. तासाभराच्या गप्पांतून आठ मिनिटे निवडावीत. काय ठेवायचे, काय गाळायचे हे त्यालाच ठरवू द्या. आई-बाबांनी त्याची वाक्ये लिहून देऊ नयेत.

पहिल्या प्रयत्नात मूल अडखळेल. अडखळू द्या. स्वतःचा आवाज ऐकून ते स्वतःच सुधारेल. वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच जातात. त्या वेळीच ऐकून ठेवल्या, तर मुलाला बोलायला येईल आणि घरालाही आपला इतिहास मिळेल.