डॅनिश उपनगरे: समतेची आखणी आणि तिची हद्द

डेन्मार्कमधील समतेचे मूळ डॅनिश माणसाच्या स्वभावात शोधण्याची रीत जुनी आहे, आणि त्यासाठी आक्सेल सांडमोसे या लेखकाने १९३३ सालच्या कादंबरीत ‘यान्ते’ या काल्पनिक गावाच्या तोंडी घातलेल्या दहा नियमांचा दाखला हमखास दिला जातो. कोणीही स्वतःला इतरांहून वरचढ समजू नये, हा त्या नियमांचा गाभा होय; ते नियम गावाच्या कोत्या वृत्तीवर टीका म्हणून रचलेले होते, याचा मात्र दाखला देणाऱ्यांना बहुधा विसर पडतो. कोपनहेगनच्या उपनगरांची घडण पाहिली असता, ही समता स्वभावापेक्षा जमिनीची आखणी, घरभाडे ठरवण्याची पद्धत आणि पाळणाघरे यांच्या आधाराने अधिक उभी आहे, असे दिसते.

या उपनगरांचा पाया १९४७ च्या ‘फिंगरप्लान’मध्ये, म्हणजे बोटांच्या आराखड्यात आहे. पीटर ब्रेड्सडॉर्फ, स्टीन आयलर रास्मुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या शहराला तळहात मानले, उपनगरी रेल्वेच्या मार्गांवर वस्तीची पाच बोटे पसरवली आणि बोटांमधल्या फटींत शेते व वने मोकळी ठेवली. हेतू असा की, रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबालाही स्थानक आणि रान ही दोन्ही चालण्याच्या अंतरावर लाभावीत. आराखड्याला आरंभी कायद्याचे बळ नव्हते, तरीही तो बऱ्याच अंशी पाळला गेला.

१९६० आणि १९७० च्या दशकांत या बोटांवर स्वतंत्र बागेची बैठी विटांची घरे मोठ्या संख्येने उभी राहिली. गृहकर्जाच्या व्याजावर मिळणारी करसवलत आणि स्त्रियांच्या नोकरीमुळे घरात येऊ लागलेला दुसरा पगार, या दोन कारणांनी ती कारागीर आणि कारकून यांच्याही आवाक्यात आली. १९६४ च्या कायद्याने पाळणाघर ही केवळ गरिबांची सोय न राहता सर्व मुलांसाठीची सेवा ठरली, आणि आज तिच्या खर्चाचा फार तर चौथा हिस्सा पालकांकडून घेतला जातो. आठवड्याला ३७ तासांचे काम हे सामूहिक करारांतून आलेले मान असल्याने आईइतकाच बापही दुपारी चारच्या सुमारास मुलाला घ्यायला जाऊ शकतो.

याहून लक्षणीय आहेत ‘आल्मेने’ घरे, म्हणजे नफा न घेणाऱ्या संस्थांची भाड्याची घरे. देशातील सुमारे पाचवा हिस्सा घरे या प्रकारची असून, त्यांत राहण्यासाठी गरीब असल्याचा दाखला लागत नाही. प्रतीक्षायादीत कोणीही नाव नोंदवू शकतो, नगरपालिका साधारणपणे दर चार रिकाम्या घरांपैकी एक गरजू कुटुंबासाठी राखून घेते, आणि भाडे इमारतीच्या प्रत्यक्ष खर्चाइतकेच ठरते. भाडेकरूंची वार्षिक सभा वस्तीचा अर्थसंकल्प मंजूर करते आणि तीत प्रत्येक घराला, ते लहान असो वा मोठे, दोन मते असतात. आपल्याकडील गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत मत मिळते ते मालकीमुळे, तर येथे ते राहण्यामुळे मिळते. फरक लहान वाटला तरी मालमत्ता नसलेल्याला आपल्या वस्तीच्या कारभारात वजन मिळते ते त्यामुळेच. आल्बर्ट्सलुंडमधील १९६० च्या दशकातल्या अंगणाच्या बैठ्या घरांच्या रांगा, जेथे मोटारींचे आणि पादचाऱ्यांचे रस्ते मुळातच वेगळे ठेवले गेले, याच पद्धतीच्या आहेत. वास्तुरचनाकार यान गुडमंड-हॉयर यांच्यासारख्यांनी पुढे आणलेली, सामायिक स्वयंपाकघर असलेली सहनिवासाची कल्पना १९७२ मध्ये हिलरोडजवळच्या सेटेडामेन येथे साकार झाली. तिची कीर्ती जगभर गेली, तरी संख्येने ती छोटीच राहिली.

तथापि सर्व बोटे सारखी नाहीत. उत्तरेकडील गेन्टोफ्ट, रुंगस्टेड या किनारी भागाला लोक थट्टेने ‘व्हिस्कीचा पट्टा’ म्हणतात, तर पश्चिमेकडे कामगारांची आणि पुढे तुर्कस्तान, पाकिस्तान येथून आलेल्या कुटुंबांची वस्ती झाली. श्रीमंत नगरपालिकांच्या उत्पन्नाचा काही भाग गरीब नगरपालिकांकडे वळवणारी पद्धत सेवांमधली दरी बरीच बुजवते, पण शेजार बदलत नाही. तो बदलण्यासाठी सरकारने २०१८ मध्ये कायदा केला: ज्या वस्त्यांत निम्म्याहून अधिक रहिवासी ‘बिगर-पाश्चात्त्य’ मुळाचे आहेत आणि रोजगार, शिक्षण, उत्पन्न, गुन्हे यांपैकी किमान दोन निकषांत ज्या मागे आहेत, त्या अशा वस्त्यांच्या सरकारी यादीत सलग काही वर्षे राहिल्यास तेथील आल्मेने कुटुंबघरांचे प्रमाण २०३० पर्यंत ४० टक्क्यांवर आणावयाचे, मग त्यासाठी इमारती विकाव्या लागोत वा पाडाव्या लागोत. सर्वांसाठी खुल्या असलेल्या घरांच्या व्यवस्थेत रहिवाशाचे मूळ मोजले जाऊ लागणे, हा तिच्या इतिहासातील सर्वांत विसंगत टप्पा म्हणावा लागेल. अशा वस्तीचा विकास आराखडा नगरपालिका व गृहनिर्माण संस्था मिळून तयार करतात आणि मंत्रालय त्याला मान्यता देते; घरामागे दोन मते असलेल्या सभेला तो नाकारता येत नाही. म्हणूनच कोपनहेगनमधील मियोल्नरपार्केन या वस्तीतील काही भाडेकरूंनी न्यायालयाची वाट धरली आणि हा वाद लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापर्यंत पोचला.